ताप उतरला म्हणालात तेव्हा

बाई, आज परत तुमचं पाणी सांडलं.

सकाळी अंगण झाडायच्या आधी ओसरीतला तांब्या उचलला, न्हाणीत नेला, राखेनं घासला. आत हात जात नाही तिथं काथ्याची शेंडी काडीला बांधून घासला. मग ताजं पाणी भरून पुन्हा तुमच्या दिव्याशेजारी आणून ठेवला. आत्याबाई भिंतीला टेकून पाहत होत्या. नऊ दिवसांत आज पहिल्यांदा त्या काही बोलल्या नाहीत.

चौथ्या दिवशी मी पहिल्यांदा सांडलं तेव्हा त्यांनी सगळी आळी गोळा केली होती. "अवं, काय करून राह्यली तू? मेलेल्या माणसाचं पाणी सांडून राह्यली?" मेडशीहून एवढ्या लांब त्या भाचसुनेच्या दहा दिवसांसाठी आल्या, आणि इथं दुसरी भाचसून रीत मोडत बसलेली. त्यांचंही चुकलं नाही. घरची रीत मला ठाऊक आहे, तुम्हीच शिकवली होती सासूबाई गेल्या तेव्हा. माणसाला शेवटचं जिथं निजवलं तिथं दहा दिवस दिवा, दिव्याशेजारी तांब्याभर पाणी. पाणी बदलायचं नाही. कमी झालं तर वरून घालायचं, आणि कमी झालं म्हणजे माणूस येऊन पिऊन गेलं असं समजायचं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "चार दिसाचं उघडं पाणी हाये. बाईले ज्यानं नेलं, ते असल्याच पाण्यात होते."

"तांब्यात कुठी मच्छर होते काय, बाप्पा!"

"होते. नारळाच्या करोटीत बी होते."

आणि मी ते पाणी तुमच्या गोडलिंबाच्या बुडाशी ओतलं. आत्याबाई रडायला लागल्या. मी रडले नाही. मला त्या वेळी रडायचाही कंटाळा आला होता, खरं सांगते.

गावासाठी मी आशा सेविका. खांद्यावर पिशवी, पिशवीत बॅटरी, खडू, रजिस्टर, तापाच्या गोळ्या. पावसाळा लागला की घरोघर जायचं, माठ, रांजण, ड्रम, कूलर, टायर, कुंड्यांखालच्या बशा बॅटरी मारून पाहायच्या, अळ्या दिसल्या की पाणी ओतायला लावायचं, भिंतीवर खडूनं तारीख टाकायची आणि पुढच्या घरी शिव्या खायला जायचं. तुमच्यासाठी मात्र मी कायम धाकटी जाऊ होते, जिला पाण्याची किंमत कळत नाही ती.

आपलं भांडण पाण्यावरूनच सुरू झालं आणि पाण्यावरच राहिलं. नळ येतो आठ दिवसांनी, कधी दहा. आला की तुम्ही कंबर खोचायच्या आणि घरातलं जे जे म्हणून भांडं आहे ते भरून टाकायच्या, डब्याच्या झाकणासकट. मग तीन दिवसांनी मी भिंतीवरून डोकावून म्हणायचे, "बाई, आज कोरडा दिवस हाये. ड्रम रिकामा करा, घासा, वाळवा."

"तुह्या कोरड्या दिवसाले नळ येते काय वं?"

यावर सरकारी पत्रकात उत्तर नव्हतं.

तरी तुम्ही माझं मन राखायच्या. ड्रममधलं पाणी घागरीनं उपसून घंगाळात, बादल्यांत, पातेल्यांत काढायच्या, ड्रम आडवा करून मला दाखवायच्या, "झाला नं रिकामा? लिही तुह्या वहीत." मी लिहिलं की तेच पाणी फडक्यानं गाळून परत त्याच ड्रममध्ये. मी डोक्याला हात लावायचे. बाई, डासाची अंडी पाण्यात नसतात, ती भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटलेली असतात, पाण्याच्या वरच्या रेघेशी. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने मरत नाहीत. पाणी चढलं की पुन्हा फुटतात. म्हणून घासायचं म्हणते. तुम्ही ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "एवढ्याश्या मच्छराचे लय लाड तुमचे." शेवटी तह झाला. तुम्ही जुन्या लुगड्याचं दुपदरी फडकं ड्रमच्या तोंडाला सुतळीनं करकचून बांधायला लागलात, आणि मी घासण्याचा हट्ट आठवड्यातून एकदावर आणला. घरातल्या ड्रमात त्यानंतर मला एकही अळी सापडली नाही. हे मी आत्याबाईंना सांगितलं. तुमची बाजू मीच मांडते आहे आता, पाहा.

बाजू घ्यायची म्हटलं तर तुम्ही माझी पहिल्यांदा घेतली होती. मी आशा झाले त्या वर्षीची गोष्ट. वरच्या आळीत एका बाईचा माठ मी ओतला आणि तिनं माझ्या माहेरापर्यंतचा उद्धार केला. तुम्ही मळ्यातून येत होतात, हातात विळा, डोक्यावर पालकाचं गाठोडं. गाठोडं तिच्याच ओट्यावर ठेवून म्हणालात, "माह्या जावेले बोलाचं काम नाई. ते सरकारचं काम करून राह्यली." ती आत निघून गेली. मी रस्ताभर छाती काढून तुमच्या मागं चालले. घरात शिरल्यावर दार लावून तुम्ही मला म्हणालात, "लोकायचं पाणी सांडत फिरते, लाज नाई वाटत?" मला हसू आलं आणि तुम्हालाही आलं, पण तुम्ही तोंड फिरवलंत. ते हसू मी पाहिलं होतं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

माझी पोरं तुमच्या चुलीपाशी वाढली. चुली वेगळ्या झाल्या, मध्ये कमरेएवढी भिंत आली, तरी मी सर्व्हेला निघाले की पोरं भिंतीवरून तुमच्याकडे. मी लोकांच्या लेकरांचं लसीकरण करत हिंडत होते आणि माझ्या लेकरांच्या तोंडात घास तुम्ही घालत होतात. याचे आभार मानायचे असतात असं आपल्याकडे कोणाला सुचत नाही. मलाही सुचलं नाही.

आता त्या पाच दिवसांचं बोलते. दमले आहे, पण बोलल्याशिवाय उद्याचा दिवस मला काढता येणार नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही मेथी उपटता उपटता खाली बसलात. संध्याकाळी अंग तापलं, डोळ्यांच्या मागं ठणकायला लागलं. मी हात लावला आणि म्हटलं, रक्त तपासू. तुम्ही म्हणालात, "उन्हाचा ताप हाये, उतरते." दुसऱ्या दिवशी हाडं कुणी तरी मोडून ठेवल्यासारखी दुखतात म्हणालात. मी तापाची साधी गोळी दिली, बजावलं की हिच्याशिवाय दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी घ्यायची नाही, रक्त पातळ होतं, आतल्या आत वाहतं. पाणी प्या, पेज प्या, ताक प्या, असं दर तासाला भिंतीवरून ओरडत होते. तुम्ही दोन घोट घ्यायच्या आणि तोंड वाकडं करून भांडं खाली ठेवायच्या. "कडू लागते वं पाणी." जन्मभर पाण्याचा थेंब जपलात आणि प्यायची वेळ आली तेव्हा पिववेना.

चौथ्या दिवशी तुमच्या उशाखाली गुडघ्याच्या गोळ्यांची पट्टी सापडली. दोन गोळ्या कमी. विचारलं तर म्हणालात, "दुखलं तं घेतली. दुखण्याचीच गोळी हाये नं?" मी तुमच्यावर ओरडले, बाई. आजारी माणसावर, तुमच्या सुनेसमोर, पूजासमोर. "मी गावाले सांगत फिरते आन् माह्याच घरचे ऐकत नाई" असं काहीबाही. तुम्ही कूस बदललीत आणि भिंतीकडे तोंड केलं. ते भांडण तसंच राहिलं. मी दुसऱ्या दिवशी तुम्हाला उचलून दवाखान्यात नेणार होते, यांना सांगून ठेवलंही होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी माझ्या बाजूला पिशवी भरत होते. दोन घरांत नवे ताप निघाले होते, वरून फोन आला होता, आज खालची आळी पूर्ण करा. तेवढ्यात भिंतीपलीकडून तुमचा आवाज आला. किती मोकळा आवाज होता.

"सुनंदा, ताप उतरला वं!"

आणि मी म्हटलं, "बरं झालं बाई! सुटल्या तुमी. आता पेज घ्या आन् पडून राहा."

बस, एवढंच. मान वर करून भिंतीपलीकडे पाहिलंसुद्धा नाही. कालच्या भांडणावर पडदा पडला याचाच आनंद जास्त होता मला. दवाखान्यात न्यायचं आता टळलं, एक काम कमी झालं, हेही मनात आलं. खोटं कशाला बोलू.

मग मी खालच्या आळीत गेले आणि प्रत्येक दारात उभी राहून तेच सांगितलं, जे मला झोपेतही येतं. डेंगूचा ताप उतरला म्हणजे माणूस बरं झालं असं समजू नका. ताप उतरल्यावरचे दोन दिवस खरे धोक्याचे. पोट दुखलं, उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, हातपाय गार पडले, माणूस सुस्तावलं की तासभर थांबू नका, दवाखाना गाठा. एका म्हातारीनं विचारलं, "ताप उतरल्यावर कायले भ्याचं वं?" मी तिला पाच मिनिटं उभं राहून समजावलं. त्या पाच मिनिटांत मला तुमची एकदाही आठवण आली नाही.

दुपारी घरी आले तर पूजा ओट्यावर धान्य निवडत होती. "आई मळ्यात गेल्या," म्हणाली, "उद्या रिसोडचा बाजार हाये नं, सांबार तोडाले." माझ्या पिशवीतला खडू, बॅटरी सगळं तिथंच पडलं.

तुम्ही लिंबाखाली बसला होतात, पाण्याच्या ड्रमाशी. कोथिंबिरीच्या जुड्या बांधून, पाण्यात बुचकळून ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. बाजूला उलटी झालेली. मी हात धरला तर गार, ओला. मला वाटलं ड्रमातल्या पाण्यानं ओला असेल. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, नीट ओळखलंत, आणि म्हणालात, "जुड्यायवर वल्लं पोतं टाक. सुकतीन."

मी पोतं टाकलं नाही, बाई. जीप शोधायला धावले. त्या जुड्या तिथंच वाळून गेल्या. रिसोडहून वाशीमला पाठवलं, वाशीमला तासाभरात कळलं की डेंगू आहे. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत सगळं संपलं. डॉक्टर चांगला होता, त्यानं शेवटपर्यंत केलं. तो एवढंच म्हणाला, ताप उतरला त्याच सकाळी आणायला हवं होतं. मी मान हलवली, जणू ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकते आहे.

आणि लोक म्हणायला लागले, सुनंदानं जावेचं लय केलं. भेटायला येणारी प्रत्येक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवायची. आशा होती घरात म्हणून एवढं तरी झालं, म्हणायची. भिंतीपलीकडून तुम्ही मला हाक मारून सांगितलं होतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी एकटीच मळ्यात गेले. म्हटलं, पाहावं तरी. माझ्या रजिस्टरमध्ये गावातलं शेवटचं घर संपलं की यादी संपते. मळ्याला घर नंबर नाही, म्हणून लिंबाखालचा तो ड्रम मी कधी मोजलाच नव्हता. अर्धा कापून जमिनीत गाडलेला, भाजी बुचकळायचा. रोज संध्याकाळी आपण त्यात वरून दोन बादल्या टाकायचो. रिकामा तो कधी झालाच नाही. गाडलेला ड्रम उलटा करणार कोण आणि कसा? बाजारात गिऱ्हाईक ओली भाजी मागतं, तुमच्या सांबारावर पाणी चमकायचं म्हणून तुमच्याकडे आधी यायचं. मी स्वतः वर्षानुवर्षं त्या पाण्यात हात घातला आहे, तुमच्या शेजारी बसून जुड्या बुचकळल्या आहेत. सकाळी उजाडताना आणि दिवस कलताना, नेमक्या त्या वेळी, जेव्हा हा पट्ट्यापट्ट्यांच्या पायांचा डास चावायला निघतो.

बॅटरीची गरज पडली नाही. उन्हात दिसत होत्या. वळवळत होत्या, वर येत होत्या, खाली जात होत्या.

त्याच ड्रमातल्या डासानं तुम्हाला चावलं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. कोणीच म्हणू शकत नाही. पण माझी बॅटरी जगाच्या माठांत फिरली आणि आपल्या ड्रमात नाही, हे तर खरं आहे ना? मी तिथंच बसले. त्या दिवशी मात्र खूप रडले, तुमच्यासाठी की माझ्यासाठी, ते कळलं नाही.

त्याच संध्याकाळी पूजाला पाहिलं. तुमच्या मागोमाग ती तिसऱ्या दिवसापासून तापत होती, रडून रडून अंग गरम झालं असेल म्हणून कोणी लक्ष दिलं नव्हतं, आणि ती बिचारी सासूच्या दुःखात स्वतःचं कुठं बोलणार? मी तिचं रक्त तपासायला लावलं. जे निघायचं तेच निघालं. सुतकाच्या घरातून बाईमाणसानं दहाव्याआधी गावाबाहेर जायचं नाही, म्हणून तिला घरीच ठेवायचं ठरलं. मीही मान्य केलं, कारण ताप होता पण बाकी लक्षणं नव्हती, पाणी पीत होती. तासातासाला मी तिच्यापाशी. तिला मी तुमच्यावर ओरडले तसं ओरडून पाजलं नाही. मांडीवर डोकं घेऊन चमच्यानं पाजलं.

सातव्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी आनंदानं सांगितलं, "पोरीचा ताप उतरला! देवानं पाह्यलं."

माझ्या हातात कणकेची परात होती. मी ती खाली ठेवली आणि आत जाऊन पूजाचा हात धरला. गार. "पोटात दुखते काय?" मान हलवली तिनं, हो. मी बाहेर येऊन म्हटलं, हिला आत्ताच्या आत्ता वाशीमला न्यायचं.

मग जे व्हायचं ते झालं. आत्याबाई उंबऱ्यात आडव्या. "तीन दिस राह्यले फक्त. ताप होता तवा नाई नेलं, आन् उतरल्यावर कायले नेते? सुतकात पोरगी गावाबाहीर नाई जात." चार बायका त्यांच्या बाजूनं. आमचे हे नेहमीप्रमाणे इकडे तिकडे पाहत. तुमचा लेक बापाकडे पाहत. आणि मोठे भाऊजी, तुमचे मालक, खांबाला टेकून बसलेले, तुम्ही गेल्यापासून बसतात तसेच.

मी परत परत समजावून सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. ही तर नेहमीच सांगते, असंच वाटलं असतं. म्हणून मी भाऊजींसमोर जाऊन उभी राहिले, पदर डोक्यावर घेऊन, आणि जे सात जन्मांत सांगणार नव्हते ते सांगितलं. "भाऊजी, बाईनं त्या दिशी मले हाक मारून सांगतलं होतं का ताप उतरला. म्या म्हणलं, बरं झालं, सुटल्या तुमी. मले माहीत होतं तरी म्हणलं. उठून पाह्यलं बी नाई. बाई माह्यामुळं गेल्या. आता हिले नेऊ द्या."

आत्याबाईंनी तोंडावर पदर धरला.

तुम्हाला तर माहीतच आहे, अठरा वर्षांत भाऊजी माझ्याशी थेट एक शब्द बोलले नाहीत. नवऱ्याचा थोरला भाऊ, भासरा तो, घरची चाल. काही सांगायचं असलं की यांच्याकडे पाहून बोलायचे, नाहीतर भिंतीकडे, आणि मी भिंतीचं ऐकून करायचे. तुम्ही यावरून त्यांना किती छेडायच्या. त्या दिवशी ते माझ्याकडे पाहून बोलले.

"सुनंदा," ते म्हणाले, "तिनं मलेबी सांगतलं होतं. म्या म्हणलं, उतरला नं? मंग चाल मळ्यात, सांबार तोडाचा हाये."

मग ते स्वतः उठले. आत्याबाईंच्या खांद्याला धरून त्यांना हळूच बाजूला केलं, आत गेले, सुनेला हात देऊन उठवलं. सासऱ्यानं सुनेला हात लावायची चालही आपल्याकडे नाही. बाई, तुम्ही पाहायला हव्या होत्या.

वाशीमला दोन दिवस सलाईन. पेशी खाली गेल्या, रात्रीतून आणखी खाली, मग थांबल्या, आणि काल दुपारपासून वर यायला लागल्या. कालच संध्याकाळी तिनं भूक लागली म्हटलं. डॉक्टर तोच होता. त्यानं मला ओळखलं. कागदावर सही करताना एवढंच म्हणाला, वेळेवर आणलं. मी बाहेर बाकड्यावर बसले ते तासभर उठलेच नाही, एवढी गळून गेले होते.

आज पहाटे तिला तुमच्या लेकापाशी ठेवून परत आले तर भाऊजी घरी नव्हते. मळ्यात गेले, तर ते गुडघ्यापर्यंत खड्ड्यात. कुदळीनं ड्रमाभोवतीची माती खणून त्यांनी तो वर काढला होता, पाणी वाफ्यात सोडलं होतं, आणि विटेच्या तुकड्यानं, काथ्यानं तो आतून घासत होते. वरच्या रेघेशी जास्त जोर लावून. ती रेघ तुम्ही त्यांना सांगितली असणार. म्हणजे तुम्ही माझं ऐकत होतात तर, ऐकून घरी सांगतही होतात, फक्त माझ्यासमोर कबूल करायचं नव्हतं. ड्रम उलटा घालून ते म्हणाले, "आता भाजी बादलीत बुचकळू. रोज सांडू." पाणी सांडायची भाषा आपल्या घरात, तीही भाऊजींच्या तोंडी. तुम्ही असत्या तर आम्हा दोघांनाही धारेवर धरलं असतं.

मग ते कुदळ घेऊन खड्डा बुजवायला लागले. दोष वाटून घेतला म्हणून अर्धा होत नाही, हे मला त्यांच्या पाठीकडे पाहून कळलं. ते उद्याही मळ्यात जातील. मीही परवा पिशवी उचलीन. खालची आळी अर्धी राहिली आहे, पाऊस अजून गेलेला नाही. मला खरंच जावंसं वाटत नाही, बाई. तेच माठ, तेच टायर, तीच तोंडं. पण आता यादीत मळे घालणार आहे, घर नंबर नसले तरी. आणि कोणी म्हणालं ना, ताप उतरला, की मी दारातून बोलणार नाही. आत जाऊन हात धरून पाहीन.

मघाशी पूजाचा फोन आला होता. "काकू, आज ताप नाई, आन् पेशीबी वाढल्या." मी विचारलं, हात गरम आहेत का, पोट दुखतं का, किती पाणी प्यायलीस. ती हसली. "किती विचारता हो काकू!" एवढंच तर विचारायचं होतं तुम्हालाही. भिंत कमरेएवढीच होती.

उद्या दहावा. तांब्या उचलला जाईल, दिवा शांत होईल. आत्याबाई मघाशी माझ्यापाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "रोज सांडून राह्यली तू. तिनं किती पेलं ते कसं समजन आता?" मी दिव्यात तेल घातलं. मग त्याच म्हणाल्या, "जाऊ दे. ताजं तं पेली."

बाई, तांब्या घासलेला आहे. पाणी आजचं आहे, कडू नाही. आज दोन घोट घेऊन खाली ठेवू नका. मी इथंच बसले आहे, सगळं पिऊन घ्या.